चुन्याच्या भिंती

बाबारावांनी चुन्याच्या फक्कीचा डबा खाली ठेवून पाठ सरळ केली, तेव्हा घमापुरातल्या लाकडाच्या जुन्या टालीच्या जागेवर चार घरं उभी होती. उभी म्हणायचं एवढंच. होती ती आडवी. चुन्याची चार बोटं रुंद रेघ म्हणजे भिंत, रेघेत सोडलेली मोकळी जागा म्हणजे दार, आणि खिडकीच्या जागी रेघेवर दोन फुल्या. जानेवारीच्या थंडीने त्यांची बोटं आखडली होती, पण रेघ कुठेही हलली नव्हती.

हलणार कशी? फॅक्टरीच्या गेज विभागात चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजून पास-नापास केल्या होत्या. निवृत्तीला एकोणीस वर्षं झाली, तरी सदऱ्याच्या खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर असायचाच. यांना कुणी पेढा दिला तर आधी मोजतील आणि मग खातील, असं त्यांची बायको इंदू म्हणायची. इंदूला जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

घरांचा नकाशा लेकीने, लतिकाने काढला होता, पण मापं बाबारावांची होती आणि खरं सांगायचं तर इंदूची. पुढे दहा बाय अकराची खोली, मागे बंद स्वयंपाकघर, त्यामागे न्हाणीघर. फॅक्टरीचं क्वार्टर जसंच्या तसं. तिथे आपण चौघं सुखाने राहिलो, मग इथे कुणी काहून राहणार नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता.

"योगू येऊन राहिला का?" त्यांनी विचारलं.

"येतो म्हणाला," लतिका म्हणाली. "सही करायला येतो असं नाही म्हणाला."

सगळं त्या सहीवर अडलं होतं. टाल बाबारावांच्या धाकट्या भावाची, बंडूची. बंडूला मूलबाळ नव्हतं. जाताना त्याने जागा भाऊ, पुतण्या आणि पुतणी अशा तिघांच्या नावाने केली, म्हणजे न्याय करून गेला आणि भांडण ठेवून गेला. लतिकाला इथे नाल्याकाठच्या बत्तीस कुटुंबांसाठी तीन मजली घरं बांधायची होती. नुसती घरंही नाही. पाळणाघर, आठवड्यातून दोनदा दवाखाना, मुलांना अभ्यासाची खोली, आणि रेशन कार्डापासून पेन्शनपर्यंतचे अर्ज भरून देणारं एक कायमचं टेबल. सरकारी नोकरीत असताना तिने शहराबाहेर बांधलेली अख्खी वस्ती दोन वर्षांत रिकामी झालेली पाहिली होती. भिंती शाबूत होत्या. शाळा नाही, दवाखाना नाही, काम नाही, म्हणून माणसं परत नाल्यावर गेली होती. त्याच वर्षी तिने नोकरी सोडली. उद्या अकरा वाजता मंजुरीचे कागद द्यायचे होते. दोन सह्या झाल्या होत्या, तिसरी तिच्या दादाची, योगेंद्रची राहिली होती.

तेवढ्यात नाल्याकडून बायका आल्या. दहा-बारा जणी, काखेत पोरं, हातात सुपं. पुढे गेंदाबाई, साठीची, हाडं काय ती मोठी, बाकी सगळी बारीक. चाळीस वर्षं ती बिड्या वळत होती आणि तेवढ्या काळात तिची झोपडी तीनदा उठवली गेली होती.

"अम्मा, ये आपका घर," लतिका म्हणाली. "एक घंटा रहो. जैसे घर में रहते हो, वैसेई."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकीने चुन्याच्या खिडकीतून डोकावून शेजारणीला हाक मारली, तेव्हा तर हसून हसून पुरेवाट. बाबारावांनाही हसू आलं. गेंदाबाई मात्र हसत नव्हती. ती पहिल्या घराच्या दारापाशी गेली, चपला काढल्या, आणि कमरेत वाकून आत शिरली.

"अम्मा, झुकने की जरूरत नईं," लतिका म्हणाली. "दरवाजा ऊँचा है."

गेंदाबाईने मान वर करून पाहिलं. वर जानेवारीचं निळं आकाश होतं, दुसरं काही नव्हतं. ती आली तशी बाहेर गेली, वळली, आणि ताठ मानेने परत आत आली.

हसणं कधी थांबलं ते कुणाला कळलं नाही. बाबारावांच्या अंगावर काटा आला. आयुष्यात त्यांनी फार अचूक वस्तू पाहिल्या होत्या, पण नसलेलं दार कुणी इतकं खरं करताना पाहिलं नव्हतं.

*

योगेंद्रची बायको अमिता गाडीतून उतरली ती तिळगुळाचा डबा घेऊन. रथसप्तमीपर्यंत ती डब्याशिवाय घराबाहेर पडत नसे. आज ती नवऱ्याच्या बाजूने आली होती, हे विजय नगरहून निघतानाच ठरलं होतं. योगेंद्रने इथे फ्लॅट बांधावेत, खाली दुकानं काढावीत, वैभवीच्या नावाने वरचा मजला ठेवावा. यात वाईट काय होतं? पोरीचं भलं पाहणं हा काही गुन्हा नाही.

योगेंद्र मोबाइल कानाला लावून तरातरा चालत गेला, थेट गेंदाबाईच्या खोलीतून.

"अरे भैया, दीवाल में से आ गए!" कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या बायका हसल्या. योगेंद्रने खाली पाहिलं. बुटाने रेघ पुसली होती. त्याचे कान लाल झाले.

"हे काय नाटक करून राहिली तू, लतू?"

"नाटक नाही, दादा. आधी राहून बघतील, मग बांधू. नंतर भिंत पाडण्यापेक्षा आत्ता चुना पुसणं बरं."

"पण बांधायचं ठरवलं कोणी? मले विचारलं कोणी?"

"तीनदा फोन केला तुला."

"सहीसाठी केला! विचारासाठी नाही!" त्याचा आवाज चढला. "बाबा फॅक्टरीत, तू कॉलेजात. काकाचं गुडघ्याचं दुखणं निघालं तेव्हा शिक्षण सोडून इथे कोण बसलं? अठरा वर्षं, लतू. अठरा वर्षं मी इथे लाकूड तोललं. आणि आज माझ्या टालीवर तू रांगोळी काढून राहिली, अन् मी फक्त सहीचा धनी?"

अमिताला वाटलं, बरं झालं, कुणीतरी एकदा बोलायलाच हवं होतं. मग तिला आपली पोरगी दिसली. वैभवी वही घेऊन घराघरातून फिरत होती, कोणी काय कुठे ठेवलं ते लिहीत होती. ही कधीपासून आत्याच्या बाजूची झाली?

"मम्मी, इकडे ये ना," वैभवी म्हणाली. "अम्माने चूल्हा कुठे ठेवला, पाहा. एकदम कोने में. म्हणते, बच्चे जल जाते हैं."

अमिता पुढे झाली आणि रेघेपाशी थबकली. ओलांडायला काय, पाऊलभर अंतर. पण पलीकडे गेंदाबाई अंगण झाडावं तशी नसलेली खोली झाडत होती, आणि घर झाडणाऱ्या बाईच्या भिंतीतून कसं जायचं? अमिता वळसा घालून दारापाशी गेली. काय म्हणावं ते सुचेना, म्हणून डबा पुढे केला.

"संक्रांत का तिळगुळ है, अम्मा. आऊँ अंदर?"

गेंदाबाईने झाडू बाजूला ठेवला. "आओ बहूजी. उते नईं, उते बच्चा सो रओ है. इते बैठो."

तिथे मूल नव्हतं, माती होती. तरी अमिता जपून बाजूने गेली आणि सांगितल्या जागी मांडी घालून बसली. विजय नगरच्या तिच्या तीन बेडरूमच्या घरात, कोण कुठे झोपतं याची इतकी काळजी तिने कधी केली होती का? तिला गलबलून आलं. पलीकडून योगेंद्र तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

*

तासाभरात एक विचित्र गोष्ट घडली. चारही घरं रिकामी झाली.

आधी गेंदाबाई उठली, सूप उचललं आणि दाराबाहेर येऊन बसली. मग तिची सून आली, मग शेजारणी. थोड्या वेळाने सगळ्या घराबाहेर रांगेने बसून बिड्या वळत होत्या, आणि बाबारावांनी दीड दिवस खपून आखलेल्या खोल्यांत काळं कुत्रं नव्हतं.

"पाहा," योगेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद होता आणि तो त्याने लपवला नाही. "तुमचं घर त्यांनाच नको आहे. झालं समाधान?"

बाबाराव गेंदाबाईपुढे जाऊन उभे राहिले. दुखावलेल्या माणसाला नम्र व्हायला वेळ लागतो, तो त्यांनी घेतला. "बाई, घर में क्या कमी है? बाहर काहे को बैठी?"

"घर तो बहुत नीको है, बाबूजी. पर बीड़ी कहाँ बनहै?"

"अंदर बैठो ना."

"अंदर उजेलो नईं. और तंबाखू की धूल उड़त है, बच्चे रात भर खाँसत हैं." वडीलधाऱ्याला चूक दाखवायची तिला लाज वाटत होती. "आपके यहाँ आदमी काम पे जात है, बाबूजी. हमाए यहाँ तो काम घर आत है."

बाबारावांना फॅक्टरी आठवली. पहाटेचा भोंगा, सायकलींची रांग, संध्याकाळी परतीचा भोंगा. त्यांच्या सगळ्या आयुष्यात काम गेटाच्या आत असायचं आणि घर गेटाच्या बाहेर. बापाचं तसं, म्हणून लेकीचंही तसंच. इंजिनियर झालेल्या लतिकालाही हे सुचलं नव्हतं, कारण तीही त्याच क्वार्टरमध्ये वाढली होती. दवाखान्यापासून अर्जांच्या टेबलापर्यंत सगळं आठवलं आणि बाया दिवसाचे दहा तास बसणार कुठे, तेवढंच राहून गेलं.

"बाबा, ही माझी चूक," लतिका हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी यांच्या कागदांचं विचारलं, आजारांचं विचारलं. कामाचं विचारलंच नाही."

बाबाराव खाली बसले. गेंदाबाईच्या सुपातून त्यांनी तीन बिड्या उचलल्या आणि खिशातून व्हर्नियर काढला. लांबी सारखी असणारच होती. पान पत्र्याच्या साच्यावर कापतात, हे त्यांना माहीत होतं. पण जाडी? ती तर नुसती बोटांची. त्यांनी एक मोजली. दुसरी मोजली. चष्मा पुसून तिसरी मोजली. मग आणखी चार घेतल्या.

"काय झालं, आजोबा?" वैभवीने विचारलं.

"एक केसाचाही फरक नाही गं," ते म्हणाले. "बाप्पा! न बघता वळते ही बाई. बोलून राहिली माझ्याशी आणि वळून राहिली. आमच्याकडे मशीनवर बसूनही लोकांले हे जमत नव्हतं." त्यांनी मान वर केली, तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. "चाळीस वर्षं मी लोकांच्या हातातलं मोजलं. असा हात पाहिला नाही."

गेंदाबाईला त्या लोखंडी चिमट्याचं काय कळलं कोण जाणे, पण म्हातारा आपल्याला मान देतो आहे, एवढं कळलं. ती लाजून हसली.

बाबाराव उठले. झाडू उचलून पहिल्या घराच्या स्वयंपाकघरापाशी गेले. तिथली पुढची भिंत इंदूच्या स्वयंपाकघराची होती, त्या भिंतीआडून तिने तीस वर्षं त्यांना चहा दिला होता. ते क्षणभर थांबले. मग त्यांनी ती भिंत स्वतःच्या हाताने झाडून टाकली.

"चलो," ते म्हणाले. "बाई, अब आप बताओ. हम आँकते हैं."

*

योगेंद्रला खरं तर निघून जायचं होतं. पण गाडीची किल्ली अमिताच्या पर्समध्ये होती आणि अमिता चुन्याच्या घरात बसून तिळगूळ वाटत होती. म्हणून तो उभा राहिला आणि पाहत राहिला.

बायकांनी फक्कीचा डबा हातात घेतला आणि बघता बघता सगळं बदललं. दारं समोरासमोर आली. चार घरांपुढे एकच लांब ओटा निघाला. नकाशातलं पाळणाघर कोपऱ्यातून उचलून ओट्यासमोर आणलं गेलं, म्हणजे वळतावळता नजर पोरांवर राहील. तंबाखूची पोती ठेवायला ओट्याच्या टोकाला कपाट, मुलं झोपतात तिथून लांब. कोणी टेप मागितला नाही. गेंदाबाई कोपरापासून बोटापर्यंत हात टेकवत पुढे सरकत होती, आणि बाबा मागून टेपने तपासत येत होते आणि दर वेळी नुसती मान हलवत होते. लतिका तोंडावर हात ठेवून उभी होती.

"ऊपर टीन लगहै," गेंदाबाई म्हणाली. "जैसो टाल में हतो."

"कौन से टाल में?" लतिकाने विचारलं.

"इतेई. लकड़ी वाले भैया को टाल. दुकान के आगे शेड हतो. बड़े भैया भगात थे, छोटे भैया बैठन देत थे." तिने डोळे बारीक करून योगेंद्रकडे पाहिलं. "जेई तो हैं छोटे भैया! मोटा गए. हमाई तीनों मोड़ी इनके बुरादे पे सोई हैं."

योगेंद्रला आधी काही आठवेना. मग सगळं एकदम आठवलं. दुपारची शेडमधली ती बायकांची रांग, कात्र्यांचा आवाज, भुशाच्या ढिगावर झोपलेली पोरं. काका ओरडायचा, धंद्याच्या तोंडावर बाजार भरवला म्हणून. योगेंद्र म्हणायचा, बसू दे ना काका, त्यांच्या झोपडीत उजेड नाही. त्याने यात कधी काही केलं असं त्याला वाटलंच नव्हतं. अठरा वर्षांत आपल्या हातून काहीच झालं नाही, असंच तो धरून चालला होता. आणि बाबांना सुचलं नाही, लतूला सुचलं नाही, ते त्याने वयाच्या बाविसाव्या वर्षी नुसतं 'बसा' म्हणून करून ठेवलं होतं. आणि या बाईने ते इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं.

"दादा," लतिका त्याच्याजवळ आली. या वेळी तिच्या हातात कागद नव्हते. "शेड किती फूट रुंद होता?"

तिच्याकडे न पाहता तो म्हणाला, "नऊ."

"मग ओटा नऊ धरू?"

"नको. नऊ कमी पडायचं. चार वाजल्यानंतर ऊन आत यायचं, या बिचाऱ्या भिंतीला चिकटून बसायच्या. मी गोणपाट बांधून द्यायचो. बारा कर. आणि पश्चिमेला जाळीची भिंत घे. हवा येईल, ऊन येणार नाही."

"वैभवी, लिही," लतिका म्हणाली. "योगेंद्रदादाने सांगितलं म्हणून लिही."

"लिहू नको, आण तो डबा," योगेंद्र म्हणाला. "लतू, तुझ्या रेघा वाकड्या आहेत."

"रेघा माझ्या आहेत," बाबाराव म्हणाले.

"मग बाबा, वय झालं तुमचं."

किती महिन्यांनी बापलेक एकमेकांकडे बघून हसले, ते कुणी मोजलं नाही. योगेंद्रने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि वाकून बारा फुटांची रेघ ओढली. अमिता तिथूनच पाहत होती. तिने डोळे टिपले आणि गेंदाबाईच्या सुनेच्या हातावर उरलेला तिळगूळ ठेवला.

पश्चिमेची भिंत आखून झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. हातावरचा चुना झटकत त्याने विचारलं, "कागद कुठे आहेत?"

कागद पहिल्या घरात होते, दुपारी अमिता बसली होती तिथे, तिळगुळाच्या डब्याखाली. योगेंद्र सरळ त्या दिशेने निघाला आणि रेघेपाशी त्याचा पाय हवेतच राहिला. त्याने पाय मागे घेतला. वळसा घालून दारापाशी गेला, बूट काढले, आत गेला, मूल झोपलं होतं त्या बाजूने न जाता कडेने गेला, आणि खाली बसून मांडीवर कागद ठेवून सही केली. एका पानावर नाही, जिथे जिथे जागा सोडली होती तिथे सगळीकडे. शेवटच्या सहीखाली त्याने स्वतःहून तारीखही घातली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लतिका नुसती उभी राहून रडत होती.

बायका सुपं आवरायला लागल्या. अंधार पडायच्या आत नाल्यावर पोचायचं होतं. गेंदाबाई सगळ्यात शेवटी उठली. जाता जाता पहिल्या घरापाशी आली, दोन्ही हातांनी दार ओढून घेतलं, कडी चढवली, आणि नीट लागली की नाही म्हणून एकदा हिसडून पाहिली.

"आजी, पप्पा तर आतच राहिले!" वैभवी ओरडली, आणि आपण घाईत मराठीत बोललो हे लक्षात येऊन पुन्हा म्हणाली, "भैया अंदर हैं!"

गेंदाबाईने वळून पाहिलं. चारी बाजूंना पुसट होत चाललेली पांढरी रेघ, आणि मध्ये योगेंद्र, अनवाणी, सह्या केलेले कागद छातीशी धरून उभा. कुठूनही पाऊल टाकलं असतं तर बाहेर आला असता.

तो थांबला. ती लगबगीने मागे आली, तिने कडी काढली, दार उघडलं, आणि मगच तो बाहेर आला.